चालत आलेली हरणं

सौदीत थंडी पडते, हे राजाभाऊ गदाद्यांच्या गावात आजवर कुणाला पटलेलं नाही. तेवीस वर्षं त्यांनी सांगून पाहिलं. सुट्टीवर गेले की कुणीतरी विचारायचंच, "काय राजाभाऊ, पार भाजून निघत असाल तिकडं!" मग राजाभाऊ सांगायचे, अरे बाबांनो, पौषात पाण्याच्या टाकीवर बर्फाचा पापुद्रा धरतो, उत्तरेचं वारं सुटलं की दोन स्वेटरांच्या आत हाडं वाजतात. लोक हसायचे. सौदीहून आलेला माणूस खजूर आणतो, अत्तर आणतो आणि थापा आणतो, एवढंच त्यांना ठाऊक. यंदा राजाभाऊ कायमचे परत आले, आणि थंडीचा विषयच त्यांनी काढला नाही. तेही लोक हसतील म्हणून नव्हे.

राजाभाऊ कर्जत तालुक्यातले. आधी दम्मामला एका व्यापारी पेढीत ड्रायव्हर होते, आणि शेवटची सहा वर्षं हफ्र अल बातिनच्या पलीकडे, डांबरी रस्त्यापासून तासभर आत असलेल्या एका राखीव रानात. रान म्हटल्यावर झाडं डोळ्यांपुढे आणू नयेत. गुडघ्याएवढी झुडपं, वाळू, मधूनच खडकाची एखादी लांबट कड, की संपलं. तिथे एक खासगी संस्था रीम जातीची हरणं वाढवते. आपल्या चिंकाऱ्याच्या नात्यातलीच, पण वाळूत मिसळून जाईल अशा फिकट रंगाची. एकेकाळी ह्या मुलखात त्यांचे कळपच्या कळप होते. मोटारी आल्या, लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या, आणि कळप गेले. आता शिकारीला सक्त बंदी आहे, आणि कुंपणात जन्मलेली हरणं थोडी थोडी करून मोकळ्या रानात सोडतात. कुंपणातल्या जनावरांचं चारापाणी करायचं आणि सोडलेल्यांवर लांबून नजर ठेवायची, हे राजाभाऊंचं काम. जोडीला अबू फहद नावाचा साठीचा रक्षक, वाळवंटातल्या बदू टोळीतला. दोघांच्या वर डॉक्टर सुनेत्रा, नागपूरच्या, जनावरांच्या डॉक्टर.

मुन्नी राजाभाऊंच्या हातची. तिची आई व्यायल्यावर दुसऱ्याच दिवशी मेली, आणि ते एवढंसं पाडस राजाभाऊंनी शेळीच्या दुधावर जगवलं. पांढऱ्या पिकअपचा हॉर्न दोनदा वाजला की दुधाची बाटली येते, हे ती आठवड्यात शिकली. पुढे बाटली सुटली, पण हॉर्न सुटला नाही. कुंपणापाशी गाडी उभी करून राजाभाऊंनी दोनदा हॉर्न दिला की कुठूनही कान टवकारून हजर. फोन केला की सुधा, राजाभाऊंची बायको, आधी हेच विचारायची, "जेवली का तुमची मुन्नी? जेवली असंल तर आता आमची चौकशी करा." राजाभाऊ लाजायचे, पण मुन्नीचे फोटो पाठवायचे थांबायचे नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात अकरा हरणं मोकळी सोडली, त्यात मुन्नी होती. सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टर सुनेत्रांनी राजाभाऊंना बाजूला घेतलं. "राजाभाऊ, उद्यापासून चारा नाही, हॉर्न नाही, दोन किलोमीटरच्या आत गाडी नाही. दुर्बिणीतून काय बघायचं ते बघा. माणसाची भीती हेच त्यांचं कुंपण आहे आता." राजाभाऊंनी मान डोलावली आणि ते पाळलंही. दुर्बिणीतून मुन्नीचं पोट दिसायला लागलं तेव्हा दिवस मोजले. मार्चच्या सुरुवातीला व्यायला हवी. राजाभाऊंचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, मार्चअखेर संपत होता, आणि ह्या खेपेला तो वाढवायचा नाही, असं घरी ठरलं होतं. मुन्नीचं पाडस एकदा डोळ्यांनी बघायचं आणि मग विमानात बसायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी उरी धरली होती.

हरणांचं राजाभाऊंना कळायचं, ते मात्र सौदीत शिकलेलं नव्हतं. त्यांचे वडील, तात्या, बंदी यायच्या आधीचे नावाजलेले शिकारी. कर्जतच्या माळावर काळविटं असायची, आणि काळवीट माणसाला अर्ध्या कोसावरून ओळखतं. पण बैलगाडीला ते भीत नाही. गाडी रोजची असते, गाडीनं त्याचं कधी वाईट केलेलं नसतं. म्हणून तात्या गाडीत कडबा भरायचे, बैलांचे कासरे राजाभाऊंच्या आईच्या हातात द्यायचे, आणि स्वतः बंदूक घेऊन पलीकडच्या चाकाआड वाकून चालायचे. गाडी कळपावर सरळ न्यायची नाही, तिरकी न्यायची, जणू आपण पुढच्या गावाला निघालोय. आईनं गाणं म्हणायचं, असा तात्यांचा हुकूम असायचा. असं कितीएक वर्षं चाललं. मग एके दिवशी गळालेल्या कडब्याच्या वासानं एक हरणी गाडीजवळ आली, आईकडे बघत उभी राहिली, आणि तात्यांनी बार टाकला. आई गाडीतून उतरली ती चालत घरी आली. कासरा तिनं पुन्हा हातात धरला नाही. "ती माझ्या तोंडाकडं बघून आली होती," एवढंच ती म्हातारपणीही सांगायची, आणि सांगताना डोळ्याला पदर लावायची. राजाभाऊंना वाटायचं, म्हातारी जरा जास्तच हळवी आहे.

तात्यांची विद्या मात्र त्यांच्या डोक्यात पक्की होती. थंडीचं वारं सुटलं की कळप हिंडत नाही. चढाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसतो. मागचं नाकाला कळतं, पुढचं डोळ्यांना दिसतं. वादळ यायच्या आदल्या दिवशी हरणं अधाश्यासारखी चरतात, वादळात उपाशी राहतात. शिकारी माणूस वादळात बाहेर पडत नाही. वाऱ्यानं नेम हलतो, आणि वास कुठून कुठे जाईल ह्याचा भरवसा नाही. तो वाट बघतो वादळ सरल्यावरच्या पहिल्या सकाळची. तेव्हा भुकेली जनावरं उघड्यावर येतात, मान खाली घालून चरतात, आणि ओल्या मातीत पाय वाजत नाही. डॉक्टर सुनेत्रा हे सगळं वहीत लिहून घ्यायच्या. दोन हरणांच्या गळ्यात जागा कळवणारे पट्टे होते. वारं सुटलं की राजाभाऊ सांगतील तिथेच नकाशावर पट्ट्यांचे ठिपके सापडायचे. "राजाभाऊ, तुमच्या तात्यांना डॉक्टरेट द्यायला हवी," असं त्या म्हणाल्या की राजाभाऊंची छाती दोन बोटं वर यायची.

जानेवारीच्या मध्यात ते वादळ आलं. पाच दिवस हललं नाही. आधी वाळू, मग पाऊस, मग हरभऱ्याएवढ्या गारा, आणि ह्या सगळ्याच्या पाठीशी उत्तरेचं वारं. अबू फहद तापानं फणफणून आपल्या खोलीत पडला. डॉक्टर रियाधला बैठकीला गेल्या होत्या, त्या तिथेच अडकल्या, कारण मधल्या ओढ्यांना पाणी आलं होतं. तिसऱ्या दिवशी राजाभाऊ दूरच्या कडेवर पोटावर पडून दुर्बिणीतून बघत होते. कळप त्यांनी सांगितलं असतं तिथेच होता, खडकाखालच्या खळग्यात, वाऱ्याकडे पाठ करून. दहा हरणं बसलेली. अकरावा, एक कोवळा नर, आडवा पडलेला. तासभर बघितलं तरी त्याचा कानही हलला नाही.

राजाभाऊंनी तिथूनच फोन लावला.

"मॅडम, एक गेलं. बाकीची उठंनात. गारांनी झुडपांवर पाला ठेवला न्हाई."

"मुन्नी?"

"बसून हाय. पोट घेऊन."

"राजाभाऊ, ऐका माझं. अशा वादळात काही जातातच. तुम्ही चारा टाकलात तर आज पोट भरेल, पण गाडी म्हणजे चारा हे दहाही जणांच्या डोक्यात बसेल. मला कळतंय तुम्हाला काय होतंय ते. नका जाऊ."

"न्हाई जात, मॅडम."

राजाभाऊ आयुष्यात खोटं फार कमी बोलले. अर्ध्या तासात त्यांनी पिकअपमध्ये लसूणघासाच्या दोन गासड्या टाकल्या, खळग्याच्या तोंडाशी गाडी नेली आणि दोनदा हॉर्न दिला. मुन्नीनं मान वर केली. उठताना तिचे पाय लटपटले. मग ती आली, सरळ, वाऱ्यात कान मागे पाडून, आणि बाकीची लांबच थबकली. मुन्नी खायला लागली तशी एकेक करून तीही आली. राजाभाऊ गाडीत बसून रडत होते आणि हसतही होते. रविवारपर्यंत रोज जाऊन त्यांनी घास टाकला. शेवटच्या दिवशी हॉर्न वाजायच्या आधीच दहाही हरणं गाडीच्या आवाजाला उठून उभी राहिली. राजाभाऊंना त्याचा आनंद झाला, हे इथे सांगितलंच पाहिजे. त्यांनी हे कुणाला कळवलं नाही. अबू फहदचा ताप उतरला तेव्हा त्यालाही बोलले नाहीत.

सोमवारी वारं पडलं. पहाटे उठून बघतात तर समोरचा हात दिसू नये असं धुकं. ही तात्यांची सकाळ होती.

"राजा, आज कुणी येणार असेल तर आजच," अबू फहद म्हणाला. त्याचा आजाही शिकारी होता, त्याला सांगावं लागलं नाही. "कुठे बसायचं?"

राजाभाऊंनी तात्यांसारखा विचार केला. शिकारी असता तर मी काय केलं असतं? गाडी लांब ठेवली असती. पूर्वेच्या अंगानं पायी, खडकाच्या आडून आलो असतो. म्हणजे पूर्वेच्या कडेवर दबा धरायचा. दोघं उजाडायच्या सुमाराला तिथे जाऊन बसले. अबू फहदनं थर्मासमधला कहवा ओतला. आठ वाजले, साडेआठ वाजले. पूर्वेकडून कुणी आलं नाही. आणि मग दक्षिणेकडून, भलत्याच बाजूनं, पिकअपचं इंजिन ऐकू आलं. आवाज सावकाश येत होता, दबकत नव्हता, घाईतही नव्हता, जशी रोजची गाडी यावी तसा. खळग्यापाशी तो थांबला. मग बार ऐकू आले, मोजून नऊ.

ते दोघं धावत, ठेचकाळत पोचेपर्यंत गाडी निघून गेली होती. धुकं विरळ होत होतं. रक्त होतं, फरफटल्याच्या खुणा होत्या, आणि एक हरणी तिथेच टाकलेली, कदाचित घाईत उचलायची राहिलेली. राजाभाऊंनी आधी तिचं तोंड पाहिलं. मुन्नी नव्हती. एका क्षणापुरतं त्यांना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची शरम त्यांना अजून वाटते.

अबू फहदनं फोन करून सरकारी पहारेकऱ्यांना कळवलं आणि मग तो माती वाचायला लागला. वादळातल्या पावसानं जमीन ओल्या पाटीसारखी झाली होती, सगळं स्वच्छ लिहिलेलं. हरीण पळतं तेव्हा खूर फाकतात, माती मागे उडते, आणि एका उडीपासून दुसरी उडी दोन-तीन पुरुष लांब पडते. अशा उड्या होत्या, पण त्या फक्त रक्ताच्या पलीकडे, लांब पळून जाणाऱ्या. खळग्यातून गाडीच्या चाकांपर्यंत मात्र सगळी पावलं आखूड होती. एकामागून एक, शांतपणे टाकलेली. म्हातारा तीनदा तिथून चालला. मग गुडघ्यांवर बसला.

"राजा, ही चालत आली," तो म्हणाला. "बंदूकवाल्याच्या गाडीकडे चालत आली. चाळीस वर्षांत मी असं पाहिलं नाही. का आली?"

राजाभाऊ चाकांच्या खुणांकडे बघत होते. शिकाऱ्यांच्या गाडीची चाकं कुंपणापासून इथपर्यंत दुसऱ्या एका गाडीच्या, राजाभाऊंच्याच पिकअपच्या, चाकोरीतून आली होती. एवढ्या उघड्या मुलखात ओल्या मातीवर ती एकच चाकोरी होती, रोज दोनदा चाललेली, सरळ खळग्यापर्यंत. खळगा शोधायला त्यांना काही करावं लागलं नव्हतं. तात्यांना बैलगाडी माळावर ओळखीची करायला वर्षं लागायची. इथे ते काम राजाभाऊंनी तीन दिवसांत करून ठेवलं होतं, आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा माणसांच्या हाती कासरा दिला होता.

"माझ्यामुळं आली," ते म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, घास, हॉर्न, सगळं. अबू फहदनं ऐकून घेतलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता राजाभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

पाच मेली. पाच उरली, त्यात मुन्नी. माणसं सापडली नाहीत, तपास चालू आहे म्हणतात. डॉक्टर सुनेत्रा दुसऱ्या दिवशी पोचल्या तेव्हा राजाभाऊंनी त्यांनाही पहिल्या वाक्यात कबुली देऊन टाकली. त्या वहीत काही लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबलं.

"मी 'नका जाऊ' म्हटलं होतं, राजाभाऊ."

"व्हय, मॅडम. मला आजच घरी धाडा."

"घरी जाऊन तुमची सुटका होईल. त्यांची?" त्यांनी वही मिटली. "चार जण आता गाडीच्या आवाजाला पळताहेत. पण मुन्नी अजून हॉर्नला येईल, आणि ती आली की मागून ती चारही येतील, तुम्हाला माहितीय. ते तुम्हीच शिकवलंय. आता ते पुसायचंही तुम्हीच. मला सांगवत नाहीये, पण दुसरं कुणी करून उपयोग नाही."

राजाभाऊंना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते उठून दगड वेचायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिकअप घेऊन निघाले. शेजारच्या सीटवर दगड होते, एक रिकामा तेलाचा डबा होता. लांबून कळप दिसला. त्यांनी दोनदा हॉर्न दिला. चौघं उधळली. मुन्नी पन्नास पावलं पळाली, थांबली, वळली, आणि यायला लागली. पुढच्या डाव्या पायाला गोळी चाटून गेली असावी, तो ती जरासा उचलून टाकत होती. राजाभाऊ खाली उतरले आणि डबा बडवत ओरडत सुटले. मराठीत, अरबीत, तोंडाला येईल ते. "जा! मर, जा! यल्ला!" मुन्नी थबकली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. हा काहीतरी नवीन खेळ असावा, असं तिचे कान सांगत होते. त्यांनी पहिला दगड मुद्दाम चुकवला. तिनं तो हुंगला. दुसराही चुकला, कारण डोळ्यांत पाणी होतं. तिसरा मांडीला लागला. मुन्नी जागच्या जागी उडाली आणि दहा पावलांवर जाऊन पुन्हा वळली. तिसऱ्या दिवशीही वळली. आठव्या दिवशीही. राजाभाऊ रोज जायचे, हॉर्न द्यायचे, आणि जी येते तिला मारायचे. संध्याकाळी त्यांना जेवण जायचं नाही. फोनवर सुधानं सवयीनं विचारलं, "जेवली का मुन्नी?" तर त्यांनी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. आईला शेवटपर्यंत ते हळवी म्हणत आले होते. त्या दिवसांत त्यांनी तिची मनातल्या मनात माफी मागितली, रोज.

तेराव्या दिवशी हॉर्न वाजला आणि मुन्नी वळली नाही. चौघांच्या पुढे पळाली. टेकाडापलीकडे गेली तेव्हा राजाभाऊंनी गाडी बंद केली आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. डॉक्टरांनी वहीत नोंद केली. चांगलं झालं, असं कुणी म्हटलं नाही.

मार्च आला. फेब्रुवारीतल्या पावसानं रानात वीतभर गवत उगवलं, कुठे कुठे जांभळी फुलंही आली. राजाभाऊंचा खुरूजचा, म्हणजे देश कायमचा सोडायचा, शिक्का आला, सामान बांधून झालं. जायच्या दिवशी सकाळी अबू फहद म्हणाला, "चल, शेवटचा एक फेरा." दोन किलोमीटरवर गाडी थांबवली तोवर त्या लांबच्या टेकाडावर काहीतरी फिकट हललं. राजाभाऊंनी दुर्बीण उचलेपर्यंत टेकाड रिकामं होतं.

"होती ती," अबू फहद म्हणाला. "तुझी. गाडी दिसली आणि गेली."

दोघं चालत टेकाडावर गेले. वाळूत मुन्नीचे खूर होते, पुढचा डावा जरा कमी रुतलेला. त्यांच्या बाजूनं दुसरे खूर होते, अंगठ्याच्या नखाएवढे. फाकलेले, मागे वाळू उडवलेली, आणि एका उडीपासून दुसरी उडी राजाभाऊंच्या तीन ढांगा. राजाभाऊ खाली बसले. त्या छोट्या खुरावर त्यांनी बोट ठेवलं, तर कडा ढासळली, म्हणून पुन्हा ठेवलं नाही.

विमानतळावरून त्यांनी सुधाला फोन केला. सामान, चपला, कुणासाठी काय घेतलं ते बोलून झालं. मग ती म्हणाली, "आणि मुन्नीचं काय वो? झालं का पाडस?"

"झालं."

"बघितलंत? कसं हाय?"



"पळतं," ते म्हणाले. "लई चांगलं पळतं."